मे महिन्याच्या सुट्टीत ग्रीस : चौघांचं पाच लाखांत जमेल का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही नाशिकचे. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ६७, तब्येत ठणठणीत, फक्त उजवा गुडघा जिने चढताना कुरकुरतो). सासऱ्यांना ग्रीस पाहायचं होतं. ते इतिहासाचे शिक्षक होते. तीन वर्षांपूर्वी गेले. सासूबाई स्वतःहून कधी काही मागत नाहीत, पण दिवाळीत लेकीने नकाशा उघडला तेव्हा त्या बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसल्या. तेव्हाच ठरवलं, येत्या मे महिन्यात जायचं.

बजेट सगळं धरून पाच लाख. त्याच्या वर एक रुपया नाही, कारण लेकीच्या नावाची एफडी मोडायची नाही असं आमचं ठरलंय. ओळखीच्या एका टूरवाल्याने आठ दिवसांचे आठ लाख सांगितले. त्यात अथेन्स आणि मिकोनोस, सँटोरिनी ही बेटं, प्रत्येक ठिकाणी दोन रात्री. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत.

मे महिन्यात तिथे उन्हाळा असतो का? समुद्रात उतरता येतं का? स्वतः आखणी केली तर पाच लाखांत बसेल का? आधी जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दर्यावर्दी
ताई, धागा काढलात हे छान केलंत. मी दोनदा गेलोय, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मेमध्ये. त्यामुळे फरक अंगावर घेऊन सांगतोय.

आपल्या शाळांची मेची सुट्टी ग्रीससाठी सोन्यासारखी आहे. युरोपातल्या शाळा तेव्हा चालू असतात. त्यांची खरी झुंबड जुलै-ऑगस्टची, तेव्हा तीच खोली दुप्पट दराने जाते. मेमध्ये अथेन्सला दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असतं, संध्याकाळी पातळ स्वेटर लागतो. टेकड्या हिरव्या असतात, रानफुलं असतात. जुलैत हेच सगळं करपून पिवळं पडतं. २०२३ च्या जुलैत उष्णतेच्या लाटेमुळे अ‍ॅक्रोपोलिस (अथेन्समधली प्राचीन देवळांची टेकडी) दुपारच्या वेळी बंद ठेवावं लागलं होतं.

उणी बाजू एकच, समुद्र गार असतो. मेच्या मध्यावर पाणी एकोणीस-वीस अंशांच्या आसपास. मुलं खुशाल डुंबतात, मोठी माणसं घोट्यापर्यंत.

टूरवाल्याची आखणी सोडून द्या. आठ दिवसांत तीन ठिकाणं म्हणजे बॅगा भरा, बंदर गाठा, बॅगा उघडा. पैसे त्यातच जातात आणि सासूबाईंचा गुडघाही त्यातच जाईल. एकच बेट घ्या आणि तिथे सात दिवस राहा.

शेवगा
दर्यावर्दींशी सहमत. बेट निवडताना नाक्सोसचा विचार करा. सायक्लेडीज बेटांतलं ते सगळ्यात मोठं. सँटोरिनीसारखं फक्त पर्यटकांवर जगत नाही, तिथे शेती आहे. नाक्सोसचा बटाटा ग्रीसभर प्रसिद्ध आहे, ग्राव्हिएरा नावाचं तिथलं चीजही. भाजी बेटावरच पिकते, म्हणून खाणं तुलनेने स्वस्त.

बंदराच्या गावाला खोरा म्हणतात. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आगिओस गिओर्गिओस नावाचा किनारा आहे. पाणी खूप आतपर्यंत उथळ, लेकीसाठी उत्तम. आम्ही त्याच्या मागच्या गल्लीत स्वयंपाकाच्या ओट्याची दोन खोल्यांची जागा घेतली होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीचे ६० युरो पडले. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी लिंबं आणि अंडी आणून दिली (अंडी तुम्ही खाल).

बसही चांगली आहे. डोंगरातली हाल्की, फिलोती, आपिरांथोस ही गावं बसने होतात. आपिरांथोसच्या गल्ल्या संगमरवराच्या आहेत. तिथे कट्ट्यावर बसलेल्या आजीबाई आणि आमच्या आई एकमेकींशी अर्धा तास बोलत होत्या, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसताना.

पानगळ
मला जरा वेगळं म्हणायचंय. एवढ्या लांब जायचं आणि सँटोरिनी बघायचंच नाही? नऊ वर्षांच्या मुलीने फोटोत ती पांढरी घरं पाहिलेली असणार. आयुष्यात किती वेळा जाणं होतं? दोन रात्री तरी ठेवा.

दर्यावर्दी
पानगळ, तुमची भावना कळते. पण माझ्या पहिल्या खेपेचं सांगतो. ऑगस्ट, सँटोरिनी, तीन रात्री. आम्ही निघायच्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. मेल्तेमी म्हणतात त्याला, जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस वाहतो. वाऱ्याचा जोर ठरावीक आकड्यापुढे गेला की बोटींना बंदर सोडू देत नाहीत, आणि जलद बोटी आधी थांबतात. आमची जलद बोट रद्द झाली. अथेन्सहून परतीचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे. शेवटी मिळेल त्या भावाने बेटावरून विमान पकडलं, चार तिकिटांना जे मोजले ते आठवलं की आजही पोटात कालवतं. बायको बंदरावर रडली होती.

म्हणून परतीच्या विमानाआधी निदान दोन रात्री अथेन्समध्ये काढा. बेट आधी, राजधानी शेवटी.

सँटोरिनी नाक्सोसहून बोटीने दीड-दोन तासांवर आहे. हवा चांगली असेल तर एक दिवस जाऊन या, तिकीट तिथे गेल्यावर काढा. पण राहायला नको. तिथली 'फिरा' आणि 'इया' नावाची दोन्ही गावं कड्यावर वसलेली, पायऱ्याच पायऱ्या. सासूबाईंना हॉटेलच्या ओसरीत बसवून तुम्ही फिरणार असाल तर त्यांना नेण्यात काय अर्थ?

पानगळ
पायऱ्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग एक दिवसाचंच बरं.

स्टुटगार्टकर
व्हिसाबद्दल लिहितो. माझ्या आईवडिलांचे आणि बहिणीच्या कुटुंबाचे मिळून चार वेळा शेंगेन व्हिसाचे (ग्रीससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) कागद मी जुळवलेत.

शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्यांना ४५, सहाखालच्यांना शून्य. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तुम्ही मात्र पंधरा दिवसांवर अजिबात जाऊ नका. मेसाठी सगळा भारत रांगेत असतो. फेब्रुवारीतली वेळ मिळवायचा प्रयत्न आत्तापासून करा. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी. सासूबाईंचा पासपोर्ट आजच काढून बघा. ज्येष्ठांचा पासपोर्ट कपाटात पडून संपलेला असतो, हे मी दोन घरांत पाहिलंय. त्यांना पेन्शन असेल तर पासबुक आणि मुलाचं खर्च उचलतो असं पत्र जोडा.

आणि कळकळीने सांगतो, एजंटाला खोटी बुकिंगं जोडू देऊ नका. बहिणीच्या पहिल्या अर्जात एजंटाने हॉटेलचं बुकिंग दाखवून दुसऱ्याच दिवशी रद्द केलं. व्हिसा नाकारला गेला, आणि त्या नकाराची नोंद त्यांच्याकडे राहते. फुकट रद्द करता येणारं खरं बुकिंग करा आणि व्हिसा हातात पडेपर्यंत तसंच ठेवा.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झालीय. विमानतळावर त्यासाठी वेळ धरा. उतरल्या उतरल्या बोट पकडायचा बेत करू नका.

सातपुडा
आम्ही नागपूरचे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून आम्ही जूनमध्ये गेलो होतो. पाणी मेपेक्षा उबदार होतं. फक्त २०२६ मध्ये १ जूनला त्यांची पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी सोमवारी येतेय, त्या शनिवार-रविवारी अथेन्सकर बेटांवर धावतात. तुम्ही मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर तो प्रश्न नाही. ग्रीकांच्या ऑर्थोडॉक्स पंथाचा ईस्टरही १२ एप्रिलला होऊन गेलेला असेल.

ऑगस्टचा विचार कुणी करत असेल तर १५ ऑगस्ट टाळा. तो त्यांच्या मरियम मातेचा मोठा सण. तिनोस बेटावर यात्रा भरते. बंदरापासून देवळापर्यंतचा चढ माणसं गुडघ्यांवर रांगत जातात. आमच्या आजीने पंढरपुरात घातलेलं लोटांगण मला आठवलं. पाहण्यासारखं आहेच, पण त्या आठवड्यात बोटीत जागा मिळणं कठीण.

शेवगा
सासूबाईंच्या जेवणाचं. त्यांना एक शब्द कागदावर लिहून द्या : निस्तीसिमो. म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातले कितीतरी दिवस मांस, दूध, अंडं सोडतात. त्यामुळे बेकरीत, खाणावळीत निस्तीसिमो पदार्थ असतातच आणि वाढणाऱ्याला लगेच कळतं. पण सावध, त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माखळी चालते! म्हणून जोडीला होर्तोफागोस हाही शब्द लिहा, म्हणजे शाकाहारी.

काय मागवायचं ते सांगते. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले टपोरे पांढरे पावटे. ब्रिआम म्हणजे वांगी-बटाटे-झुकिनीची भट्टीतली भाजी. होर्ता म्हणजे उकडलेला रानातला पाला, लिंबू पिळून. आपल्या आदिवासी भागातल्या रानभाज्यांची चव ज्यांना माहीत आहे त्यांना हा फार आवडतो. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, पण त्यात कधी खिमा असतो, विचारून घ्या. पालकाच्या स्पानाकोपितात अंडं असू शकतं, तिथे निस्तीसिमो हा शब्द कामी येतो.

आणि टेबलावर पाव आणून ठेवतात त्याचे पैसे लागतात. नको असेल तर तेव्हाच परत करा.

आजोळ
घरून काय न्यायचं तेही लिहिते, कारण आमचं सामान एकदा कस्टममध्ये उघडलं होतं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर घरीच. मेमध्ये जाताय म्हणून मुद्दाम सांगते, हापूसही नाही, ताज्या फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. नारळ मात्र चालतो. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, तांदूळ, मुगाची डाळ, शेंगदाण्याची चटणी, सगळं बंद पाकिटांत न्या. सकाळी थालीपीठ, संध्याकाळी खिचडी, आणि दुपारचं एकच जेवण बाहेर. आमचा खाण्याचा खर्च असाच आटोक्यात राहिला.

अथेन्समध्ये नळाचं पाणी बिनदिक्कत प्या. बेटांवर बहुतेक ठिकाणी विकतचं.

बाराखडी
मी हिशेब मांडून बघितला. युरो १०४ रुपये धरलाय. दर इथल्या लोकांनी दिलेले आणि मी काल शोधलेले.

तारखा : ८ मेच्या रात्री मुंबईहून निघणं, ९ ला अथेन्स. विमानतळावरून एक्स ९६ ही बस थेट पिरेयस बंदराला जाते, माणशी साडेपाच युरो. मेट्रोही जाते, ९ युरो. पहिली रात्र पिरेयसलाच. १० ला सकाळची मोठी बोट. १० ते १७ नाक्सोस. १७ ते २० अथेन्स.

विमान, एक थांबा, चौघांचे : २,०८,०००
व्हिसा शुल्क ३१५ युरो : ३२,७६०
सेवाशुल्क, फोटो, मुंबईची फेरी : ८,०००
विमा : ८,०००
राहणं, नाक्सोस ७ × ६०, अथेन्स आणि पिरेयस ४ × ८०, शिवाय कर ८८, एकूण ८२८ युरो : ८६,११२
बोट, मोठ्यांना ४८, लेकीला अर्धं, जाऊन-येऊन ३३६ युरो : ३४,९४४
जेवण १२ दिवस × ४५ युरो : ५६,१६०
तिकिटं, बस, मेट्रो : २०,०००

बेरीज ४,५३,९७६. हाताशी सेहेचाळीस हजार उरतात.

कराचं समजावतो, कारण बुकिंगच्या पानावर तो बहुधा दिसत नाही आणि पोचल्यावर मागतात. ग्रीसमध्ये मुक्कामावर रात्रीमागे हवामान कर आहे. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात भाड्याच्या फ्लॅटला ८ युरो, एक-दोन तारांकित हॉटेलला २, तीन तारांकितला ५, चारला १०, पाचला १५. हा खोलीमागे आहे, माणशी नाही. म्हणून दोन खोल्यांपेक्षा एक मोठी जागा परवडते.

कार्डाने पैसे देताना मशीन रुपये की युरो असं विचारलं तर नेहमी युरो दाबा. रुपये दाबले की दर त्यांचा लागतो.

गोदाकाठ
किती आभार मानू? काल रात्री हा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, उरलेल्या सेहेचाळीस हजारांना हात लावायचा नाही, ते दुखण्याखुपण्याला.

सासूबाईंचा पासपोर्ट काढून पाहिला. स्टुटगार्टकर दादा, तुमचे शब्द खरे ठरले. तो मार्चमध्ये संपतोय! उद्याच नूतनीकरणाचा अर्ज भरतेय. तुम्ही लिहिलं नसतं तर हे फेब्रुवारीत कळलं असतं.

आता एकच काळजी उरलीय. अ‍ॅक्रोपोलिस. सासरे वर्गात फळ्यावर तिथल्या पार्थेनॉन देवळाचे खांब काढायचे, समोर आठ, बाजूला सतरा. सासूबाईंना ते बघायचंय, दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल म्हणतात. तो चढ त्यांना झेपेल का?

दर्यावर्दी
झेपेल. २०२० च्या डिसेंबरपासून तिथे उत्तरेच्या कड्याला नवी लिफ्ट आहे, ज्यांना चालायला त्रास होतो त्यांच्यासाठी. गुडघ्याचं डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत घेऊन जा, आणि आधी त्यांना कळवून ठेवा. जोराचा वारा असेल तर लिफ्ट बंद ठेवतात, म्हणून अथेन्समधल्या तीन दिवसांतला पहिलाच दिवस त्यासाठी राखा, म्हणजे दोन दिवस हाताशी राहतील. वरही सिमेंटची सपाट वाट केलेली आहे. संगमरवर मात्र झिजून गुळगुळीत झालाय, सासूबाईंना चांगल्या तळव्याचे बूट घाला, चपला नकोत.

तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो आहे आणि वेळ ठरवून काढावं लागतं. सकाळी आठचं घ्या. पूर्वी अनेक स्थळांचं मिळून एक तिकीट मिळायचं, ते आता बंद झालं, त्यामुळे जुन्या लेखांवर जाऊ नका.

बाराखडी
तुमच्या तारखांत १८ मे येतोय, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. त्या दिवशी सरकारी प्राचीन स्थळं मोफत असतात. गर्दी होईल, म्हणून अ‍ॅक्रोपोलिस त्या दिवशी करू नका. खाली आगोरा (प्राचीन बाजारचौक) आणि पुरातत्त्व संग्रहालय करा. जाण्याआधी त्यांच्या अधिकृत पानावर खात्री करून घ्या.

मग अ‍ॅक्रोपोलिस १७ ला संध्याकाळी की १९ ला सकाळी? १७ ला बोट उशिरा पोचली तर ३० युरो माणशी बुडतील. मी १९ म्हणेन.

दर्यावर्दी
बरोबर आहे तुमचं, १७ चं मी बोटीचा विचार न करता सुचवलं. १९ सकाळ, आणि वारा निघाला तर २० ला विमानाआधी.

आजोळ
गोदाकाठ, तुम्ही नाशिकच्या, म्हणून सांगावंसं वाटतं. जायच्या आधी एका रविवारी लेकीला आणि सासूबाईंना पांडवलेण्यांत घेऊन जा. सतरा नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाने कोरून घेतलंय, शिलालेखात तो स्वतःला यवन म्हणवतो. यवन हा शब्द आयोनिया या प्राचीन ग्रीक प्रदेशावरून आला, म्हणजे ग्रीकांचाच. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही यवन दात्यांची नावं आहेत. आमच्या मुलाला हे दाखवून मग अथेन्सला नेलं, तेव्हा तो तिथल्या खांबांना हात लावायला धावला होता (लावू देत नाहीत, शिट्टी वाजवतात).

गोदाकाठ
आजोळ, अंगावर काटा आला वाचून. सासरे दर वर्षी सातवीच्या मुलांना त्या लेण्यांवर न्यायचे. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सतरा नंबर मला माहीत आहे. त्यांचा डबा घेऊन मी खाली बसायचे, गुडघा तेव्हा चांगला होता, पण वर कधी गेलेच नाही."

या रविवारी हळूहळू, बसत बसत चढणार आहोत. गुडघा किती साथ देतो तेही कळेल.

गोदाकाठ
अपडेट. चढलो. पाऊण तास लागला, पाच वेळा बसलो. सासूबाई सतरा नंबरच्या ओसरीत बराच वेळ उभ्या होत्या.

पासपोर्टची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे. नाक्सोसची जागा फुकट रद्द करता येईल अशी घेऊन ठेवली, रात्रीचे ५८ युरो. विमानाचे दर रोज बघतेय, अजून घेतलं नाही. शेवगाताई, तिथल्या ओट्यावर आपला तीन लिटरचा कुकर चालतो का? आणि तुमच्या त्या मालकीणबाईंसाठी इथून काय नेऊ?

शेवगा
आमच्या जागेत विजेची शेगडी होती, सपाट बुडाचा कुकर चालला. वरणभाताला वेळ जरा जास्त लागतो. मालकीणबाईंना मी येवल्याचा छोटा बटवा दिला होता, तो त्यांनी दाराशी टांगून ठेवला. तुम्ही तर नाशिकच्या, मनुके न्या. पाकीटबंद असले म्हणजे झालं.